मसणजाईचा चेहरा

नागपूर,
२ नोव्हेंबर १९५८

दोस्त हिरासिंग मास्तर,

दिवाळीचा सलाम घे. या पत्राबरोबर एक बुकपोस्ट टाकलंय. ते न उघडता तू पत्र आधी वाचत असशील, तर मास्तर झाल्यापासून तू बिघडलास असं समजेन.

आत ‘काळोख’ मासिकाचा दिवाळी अंक आहे. पान एकेचाळीस काढ. तिथून पुढची आठ पानं तुझ्या दोस्ताच्या हातची आहेत. घाटंजीच्या बाजारात पत्र्यावर ‘येथे सायकल भाड्याने मिळेल’ असं रंगवणारा मोहिउद्दीन पेंटर आता छापून येतो! अम्मीला कळवलं तर तिनं उलट निरोप धाडला, की पत्र्यावरचं निदान पावसात टिकायचं, कागदाचं किती दिवस टिकणार. तिचंही बरोबर आहे.

आमचे संपादक वामनराव. सदा पान चघळतात आणि सदा घाबरवायच्या गोष्टी शोधतात. त्यांच्या डोक्यातून ही चित्रांची गोष्ट निघाली. दर महिन्याला आठ पानं, पानावर सहा चौकटी आणि शेवटी एक मढं. गोष्टीचं नाव ‘मसणजाई’. ही बाई शहरात राहते, काळं पातळ नेसते, सिगारेट ओढते आणि रस्त्यावरच्या दिव्याखाली उभी राहते. तिला पाहून जो थांबला तो संपला. या अंकात एक वकील गेलाय, पुढच्या अंकात एक तबलजी जाणार आहे. तिच्या मागावर एक इन्स्पेक्टर आहे, पण तोही मनातून तिच्यावर भाळलाय, म्हणजे त्याचंही काही खरं नाही.

वामनराव म्हणतात, पान जितकं काळं तितका वाचक घाबरतो. म्हणून मी आधी अख्खी चौकट काळ्या शाईनं भरून टाकतो आणि मग पांढऱ्या रंगानं त्यातून माणूस बाहेर काढतो. पाट्यांवर आपण तेच करत होतो ना, काळी जमीन आणि पांढरी अक्षरं? शिकलेलं वाया गेलं नाही म्हणायचं.

तुझे आभार मानायचे राहून गेले होते. नागपूरला ‘जाऊ का नको’ करत मी तीन एस.टी. सोडल्या होत्या. चौथीच्या टपावर तू माझी ट्रंक चढवून दिलीस, म्हणून मला ट्रंकेमागे जावं लागलं. हे मी विसरणार नाही.

अंक तुझ्या हंसाबाईला दाखव. बहीण तुझी असली तरी एकवीस दिवस ती माझीच होती. तिला म्हणावं, तुझ्या हातची पेज पिऊन जगलेलं पोर आता पुस्तकात चित्रं काढतं.

तुझा,
मोहिउद्दीन


मोहखोरी तांडा, घाटंजीजवळ,
१८ नोव्हेंबर १९५८

प्रिय मोहिउद्दीन,

बुकपोस्टच आधी उघडलं. शाळेच्या पायरीवर बसून आठही पानं वाचली आणि वकिलाच्या मढ्याशी आलो तेव्हा भर उन्हात अंगावर काटा आला. शाब्बास रे! आपल्या वर्गात तू नकाशात नद्या वाकड्या काढायचास म्हणून छड्या खायचास. त्याच हाताचं हे काम आहे, विश्वास बसत नाही.

दिवाळी छान झाली. पोरी दिवे घेऊन गाणी म्हणत घरोघर फिरल्या, तांड्याच्या नायकाच्या दारात सगळ्यांत जास्त वेळ उभ्या राहिल्या. हंसाबाईला दिवाळीच्याच दिवशी एका बाळंतपणाला जावं लागलं. मुलगी झाली. सुईणीला सण नसतो, असं ती म्हणते.

तिला अंक दाखवला. ती तीच पानं पुन्हा पुन्हा उलटत राहिली. मग तो अंक तिनं ठेवून घेतला.

एक विचारतो. तुझी मसणजाई शहरातली बाई, सिगारेट ओढणारी. मग तिच्या हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके कसे? आणि तिचा चेहरा मला कुठेतरी पाहिल्यासारखा वाटतो.

तुझा,
हिरासिंग


नागपूर,
५ डिसेंबर १९५८

दोस्त,

ठिपके कसे आले कुणास ठाऊक. हात तिथे गेला आणि ते उमटले. वामनराव तर त्या ठिपक्यांवर खूष आहेत, म्हणाले, ‘यानं बाई भयंकर दिसते, राहू द्या.’ चेहरा मनानंच काढलाय. तुला सगळेच चेहरे पाहिल्यासारखे वाटतात, वर्गात पन्नास पोरं आहेत ना.

तबलजीचा अंक पाठवलाय. लोक मसणजाईवर तुटून पडलेत. वणीहून एका वाचकानं लिहिलंय, ती खरी असेल तर पत्ता कळवा, मरायला तयार आहे. कसा वाटला ते लगेच लिही.

मोहिउद्दीन


(पोस्टकार्ड)
नागपूर, २७ जानेवारी १९५९

हिरासिंग, दोन अंक पाठवले, एका ओळीचं उत्तर नाही. दोस्ताचं नाव झालं की दोस्ताच्याच पोटात दुखतं असं ऐकलं होतं, आता पाहिलं. जळू नकोस, बाबा. हंसाबाईला सलाम. मो.


मोहखोरी तांडा,
१५ फेब्रुवारी १९५९

प्रिय मोहिउद्दीन,

तुझं कार्ड मिळालं. मी जळतो, हे माझ्याआधी पोस्टमनला आणि त्याच्याकडून आठवडी बाजाराला कळलं. भांडायचं असेल तर बंद पाकिटातून भांडत जा. मी जळत नाही. मला लिहवत नव्हतं.

तुझी मसणजाई म्हणजे आमची हंसाबाई आहे. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. नाक तिचं, भुवया तिच्या, ऐकताना मान कलती करायची सवय तिची, आणि गोंदण तर तिचंच. मी ते तुला स्पष्ट लिहिलं नाही, कारण मला आत कुठेतरी अभिमान वाटला होता. अंक तांड्यात मीच दाखवला. हौस माझी, भोगते ती.

डिसेंबर सरता सरता लखीरामचे दोन बैल एकाच आठवड्यात पोट फुगून मेले. लखीराम म्हणजे नायकाचा चुलतभाऊ, पिळदार मिशांचा, तुला आठवत असेल. मग त्याच्या नातवाला झटके यायला लागले. तो भगताकडे विचारायला गेला. भगत म्हणाला, तांड्यात कोण्या बाईची नजर आहे. नाव त्यानं घेतलं नाही. लखीराम परत आला तो तांड्यात फिरणारा अंक घेऊन थेट धावजी नायकापुढे. मलाही बोलावलं.

“पाह्य मास्तर,” म्हणे, “एकाच पानावर सहा जागी उभी हाये हे. मानूस एका टायमाले एकाच जागी राह्यते. सहा जागी कोन राह्यते, सांग!”

मी म्हटलं, “काका, एकच बाई हाये थे. आंदी इथं, मंग तिथं.”

“मंग पयली कुठं गेली? पयली तं अजून इथंच उभी हाये!”

आता याला काय उत्तर देशील?  त्यानं पुढचं पान उलटलं आणि वकिलावर बोट ठेवलं. “अन् हे काय हाये? मानसाच्या तोंडातून जीव निघून राह्यला, पांढरा फक. अन् हे बाजूले उभी राहून मजेनं पाहून राह्यली.”

मोहिउद्दीन, तो बोलण्याचा फुगा होता. त्यात वामनरावांनी लिहिलंय, ‘सुंदरी, तुझं नाव काय?’

तुला हसू येईल. मलाही दुसऱ्या कुणाबद्दल असतं तर आलं असतं. पण आठवून पाहा, गुरुजींनी पहिल्यांदा नकाशा भिंतीवर टांगला तेव्हा तू विचारलं होतंस, नद्यांचं पाणी खाली का सांडत नाही. कोणी शिकवल्याशिवाय माणसाला कागद पाहता येत नाही. इथं कोणी चित्रांची गोष्ट आयुष्यात पाहिलेली नाही. आणि छापलेलं खोटं असतं हेही अजून इथं पोचलेलं नाही.

या तांड्यातली निम्मी पोरं हंसाबाईच्या हातावर जन्मली, लखीरामचा तो नातूसुद्धा. आता तिला कोणी बोलावत नाही. गेल्या महिन्यात बसंतीबाईचं बाळंतपण तिच्यावाचून झालं. पाच घरं पलीकडे बसंती ओरडत होती आणि बाई दारात बसून ऐकत होती. दोनदा उठून गेली, दोनदा दार लावून घेतलं गेलं. बसंती कशीबशी वाचली, मूल वाचलं नाही. तेही लोकांनी बाईच्याच नावावर टाकलं.

होळीनंतर नसाब बसेल, म्हणजे आमची पंचायत. डाकण, म्हणजे चेटकीण, ठरली तर तिला तांडा सोडावा लागेल. मेहुणे जाऊन बारा वर्षं झाली, मूलबाळ नाही. ती कुठे जाईल? मी तिच्याबरोबर जाईन, पण तिला ते चालणार नाही.

ती तुला दोष देत नाही. पण तू येऊ नकोस. तू आलास तर म्हणतील, कागदातून बाया सोडणारा जादूगारच आला. काही सुचलं तर लिही. मला आता काही सुचत नाही.

तुझा,
हिरासिंग


नागपूर,
२२ फेब्रुवारी १९५९

हिरासिंग, माझ्या भावा,

कार्डावर लिहिलं त्याबद्दल माफ कर. तुझं पत्र चार वेळा वाचलं आणि मग सगळे अंक समोर मांडून बसलो. प्रत्येक चौकटीतून हंसाबाई माझ्याकडे पाहत होती. मला कसं दिसलं नाही?

आता कळतं. अकरा वर्षांचा असताना सुटीत तुझ्याकडे आलो आणि मुदतीच्या तापानं अंथरूण धरलं. नाल्याला पूर, घाटंजीचा रस्ता बंद. एकवीस दिवस डोळे उघडले की वर एकच चेहरा. ती मान कलती करून माझा श्वास ऐकायची. परक्याचं पोर, परक्या घरचं, तिनं एकदाही कपाळाला आठी घातली नाही. त्यानंतर मी कुठल्या बाईच्या चेहऱ्याकडे इतका वेळ पाहिलं? आमच्यात पाहत नाहीत आणि पाहायचं धाडसही नाही. बाई काढा म्हटलं की माझ्या हाताला तेवढी एकच येते. तिनं मला जगवलं आणि मी तिला दिव्याखाली उभं करून माणसं मारायला लावली.

रडून काही होणार नाही, म्हणून काम केलं. गुंडाळीत एक मोठा कागद पाठवतोय, तुझ्या फळ्याएवढा. त्यावर नऊ चौकटी आहेत आणि नऊही चौकटींत लखीरामकाका आहेत. माझ्या लहानपणी पाहिलेले आठवले तसे काढलेत, मिशी नीट आठवली. उठतात, दातण करतात, पागोटं बांधतात, बैलाला हाक मारतात, भाकरी खातात, पळसाखाली घोरतात, असं. बोलण्याचा फुगाही ठेवलाय, पण त्यात अक्षरं नाहीत. फुग्यात बैल काढलाय, कारण काका बैलालाच बोलावतात. जीव निघाला तर त्यातून बैल कसा निघेल?

नीट ऐक. कागद एकदम उघडू नकोस, नाहीतर नऊ लखीराम एकदम दिसतील आणि आपण दोघंही संपलो. कापडानं झाकून ठेव. एकच चौकट उघड, लोकांना ती काय आहे ते बोलू दे, बिडी ओढू दे. मग दुसरी. दोन चौकटींच्या मधे वेळ जातो हे त्यांच्या अंगात उतरलं पाहिजे. मी काढताना माझ्याही अंगात तो असाच जातो.

आणि वामनरावांना सांगून आलो, हा चेहरा आता माझ्याकडून होणार नाही. ते म्हणाले, लोक अंक त्या चेहऱ्यासाठी घेतात, चेहरा बदलायचा नाही. शेवटी तडजोड झाली. मेच्या अंकात मसणजाई तलावात बुडून मरेल आणि मालिका संपेल. मग माझं काय ते पाहू, पाट्यांचे पत्रे कुठे पळून गेलेत? ती मेली की बाई सुटली.

तुझा,
मोहिउद्दीन


मोहखोरी तांडा,
२९ मार्च १९५९

प्रिय मोहिउद्दीन,

आधी शेवट सांगतो, म्हणजे तू श्वास सोडशील. बाई डाकण नाही. नसाबानं तसं सांगितलं, सगळ्या तांड्यासमोर, दिवसाउजेडी. आता सावकाश वाच.

परवा दुपारी नायकाच्या अंगणात लिंबाखाली सगळे बसले. पुरुष एका बाजूला, बाया दुसऱ्या. हंसाबाई एकटी मधे. लखीरामनं अंक काढला आणि सहा जागांचं तेच बोलला. मी म्हटलं, मलाही एक कागद दाखवायचा आहे. शाळेचा फळा आणला होता. त्यावर तुझा कागद, वर बाईचीच ओढणी.

पहिली चौकट उघडली. विचारलं, हा कोण?

“लखीराम!” पोरं ओरडली. “खाटीवरून उठून राह्यला!”

तुझ्या सांगण्याप्रमाणे थांबलो. चिलीम फिरली. दुसरी उघडली, दातण. तिसरी, पागोटं. लोक आता पुढे सरकायला लागले. चौथीत फुगा आला तेव्हा एक पोरगं म्हणालं, “हाक मारून राह्यला, बैलाले!” कोणी शिकवलं नव्हतं त्याला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, मी फळ्याकडे तोंड करून उभा राहिलो.

घोरण्याच्या चौकटीला लखीरामची बायको धनीबाई पदराआडून म्हणाली, “हे बराबर हाये.” नववी उघडली आणि मी ओढणी पूर्ण काढून घेतली. सगळा कागद समोर.  मला वाटलं, गेलं सगळं.

मग म्हातारी रुपीबाई उठली. कागदाजवळ आली आणि बोटानं मोजलं. “नऊ हायेत,” म्हणे. “सहावाली डाकन, तं नऊवाला कोन हाये? अन् माय वं, एकच लखीराम तांड्यात मावत नाई, नऊ कुठं ठेवाचे?”

असं हसू तांड्यात मी होळीलाही ऐकलं नव्हतं. धावजी नायकसुद्धा दाढी धरून हसत होता. लखीराम लाल झाला, उठला, फळ्यापाशी गेला. मला वाटलं फाडतो. त्यानं चित्रातल्या मिशीवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, “मिशी बराबर काढली पोट्ट्यानं.” आणि कागद मागून घेतला. आता तो त्याच्या घरात भिंतीवर आहे.

नायकानं सांगितलं, “चितर हाये. चितरानं बैल मरत नाई.” सगळ्यांना पटलं असं नाही. दोन घरं अजून बाईला पाहून पोरं आत ओढतात. पण तिला इथून कोणी काढणार नाही.

तुझे उपकार कसे फेडू, हे लिहीत नाही. फेडायचे नसतात ते.

बाईला मी तलावाचं सांगितलं. ती हातातलं काम टाकून उठली. म्हणाली, मला पत्र लिहायचंय, पण आत्ता नाही.

तुझा,
हिरासिंग


मोहखोरी तांडा,
१४ एप्रिल १९५९

मोयद्दीन पोरा,

मी बोलून राह्यली अन् हिऱ्या लिहून राह्यला. त्याले सांगतलं, जसं बोलतो तसंच लिही, मास्तरकी करू नको.

आंदी चांगली गोठ आयक. चार दिसाआंदी सकाळच्या पारी लखीराम मह्या दारात येऊन उभा राह्यला. त्याची सून जमनी अडली व्हती. त्याले माफी मांगता येत नाई, जल्मात मांगली नाई. म्हने, “हंसा, पानी तापवलं हाये.” मले काय समजाचं थे समजली. उठली अन् गेली. ऊन डोक्यावर आलं तवा पोरगं झालं. जमनी बी बरी हाये. लखीरामनं मले रोटी वाढली, सोता. मह्या हाताले काम भेटलं रे बापा, आता अजून काय पाह्यजे.

आता खरी गोठ. हिऱ्यानं तुले लिहलं का पुस्तक त्यानं दाखवलं. लबाड हाये. (बाईनं हे लिहायला लावलं, माझा इलाज नाही. हि.) पुस्तक मीच फिरवलं. पयल्याच दिसी वळखलं, आरसा हाये नं मह्या घरी! डोईवरच्या टुकरीत गुंडाळून घरोघरी गेली, म्हटलं पाहा, हे मी हावो, मह्या मोयद्दीननं काढलं. तांड्यात कोनाचाच फोटू नाई, नायकाचा बी नाई. अन् मह्यं तोंड आठ पानं भरून! हिऱ्यानं मले वाचवाले सोतावर घेतलं.

थे बाई वाईट हाये का चांगली, मले वाचता येत नाई. मले दिसली तं ताठ उभी दिसली. कोनाले भेत नाई, मानसंच तिले भेतात. मले बरं वाटलं. मालक गेले तवापासून मह्याकडे कोन नजर भरून पाह्यते? सुईनीचे हात पाह्यतात लोक, तोंड कोन पाह्यते? तू इतके वर्स ध्यानात ठेवलं. मी नाराज हावो असं तुले वाटलं, हे आयकून मले रडू आलं.

हिऱ्या म्हनते, तू तिले तयाच्या पान्यात बुडवून राह्यला. कायले बुडवतं? लोक पाह्यतीन तं म्हनतीन, गेली हंसा. अन् मी तं जित्ती हावो. मारू नको तिले. तोंड बी बदलवू नको. तोंड मह्यं हाये, मले इचारल्याबिगर बदलवाचं नाई.

एक मांगतो. मांगाची लाज वाटत व्हती, म्हून इतके दिस लिहलं नाई. ह्या हातानं मी लय लेकरं काढली. सगळी दुसऱ्याच्या मांडीवर देल्ली अन् हात धुवून घरी आली. तिले एखांदं लेकरू दे. तुह्याजवळ शाई हाये, कागद हाये. एकच दे.

तुही,
हंसाबाई


नागपूर,
१० मे १९५९

हंसाबाई,

हिरासिंग, हे मोठ्यानं वाच आणि मधे मधे सुधारू नकोस.

बाई, तुझं पत्र आलं तेव्हा तलावाचं पान तयार होतं. मसणजाई पाण्यात गेली होती, फक्त हात वर होता. मी त्या पानावर काळी शाई ओतली आणि वामनरावांकडे गेलो. म्हटलं, तिला मूल हवंय.

वामनरावांच्या तोंडातलं पान तसंच राहिलं. म्हणाले, “अहो, हिच्या वाटेला गेलेले सगळे पुरुष मेलेत. मूल आणायचं कुठून?”

मी म्हटलं, “ते तुम्ही लिहा. मी नुसतं काढणारा.”

“आणि कडेवर पोर घेतलेल्या बाईला कोण घाबरणार?”

मी तुझं पत्र त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी ते उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं. वऱ्हाडी त्यांना नीट कळत नाही, पण कळायचं ते कळलं असावं. म्हणाले, “तलाव रद्द. मूल देऊन टाका.” मालिका चालू राहील. या महिन्यात ‘काळोख’मध्ये कोणीही मेलं नाही, हे पहिल्यांदाच घडलं.

मग मी अडकलो. चौकट काढली, तू मांडी घालून बसलीस, पदर झाला, हात झाले, आणि मांडीवरच्या बाळाचा चेहरा काही येईना. मला कुठलं बाळ ठाऊक? दोन दिवस ती जागा कोरी होती. मला बाईचा एकच चेहरा येतो आणि लेकराचा एकही येत नाही, असा मी चित्रकार.

तिसऱ्या दिवशी भिंतीवरचा आरसा काढून पुढ्यात ठेवला. त्यात दिसलं ते लहान करून काढलं. नाक माझं, कान माझे, कपाळही माझंच. वामनराव पाहून म्हणाले, “हे पोर तुमच्यासारखं दिसतं हो.” मी म्हटलं, दिसणारच.

बाई, एकवीस दिवस मी तुझ्या मांडीवर होतो, आणि त्याचे आभार कसे मानायचे ते मला इतकी वर्षं येत नव्हतं. तू मागितलंस म्हणून आलं. अंक सोबत आहे, शेवटचं पान पाहा. घरोघरी दाखव. मांडीवरचं हे कुणाचं, असं कोणी विचारलं तर सांग, माझं आहे.

तुझा,
मोहिउद्दीन